मग मावशीचे केस का गेले?



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात नववीतील एक मुलगी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन विज्ञान मंडळाच्या खोलीत आली. प्रथिनांपासून बनवलेले नॅनोकण आता औषध थेट कर्करोगाच्या पेशींकडे नेतात आणि निरोगी पेशींना धक्का लावत नाहीत, असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. शीर्षकात अर्थातच 'रामबाण' हा शब्द होता. तिच्या मावशीला असेच औषध चालू होते. नाव विचारले तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर लिहून आणले: नॅब-पॅक्लिटॅक्सेल. आणि मग तिने विचारले, "बाई, औषध फक्त कर्करोगाच्याच पेशींकडे जातं, तर मग मावशीचे केस का गेले?"

आम्हाला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. वाचून सांगतो, असे आम्ही म्हटले. मंडळातील आम्ही तिघांनी मिळून जे वाचले आणि समजून घेतले ते येथे मांडत आहोत. मुलीच्या आईची परवानगी घेतली आहे. नावे दिलेली नाहीत.

उत्तराची सुरुवात एका जंगलात होते. अमेरिकेत १९६० च्या सुमारास कर्करोगावर उपयोगी पडतील अशा वनस्पतींचा मोठा सरकारी शोध सुरू होता. १९६२ च्या ऑगस्ट महिन्यात आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची साल आणि इतर भाग गोळा केले. हे नमुने पुढे नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांकडे पोचले. त्यांनी सालीतून क्रियाशील द्रव्य वेगळे केले, त्याला टॅक्सॉल हे नाव मिळाले, आणि १९७१ मध्ये त्याच्या रेणूची रचना प्रसिद्ध झाली. आज त्या द्रव्याचे शास्त्रीय नाव पॅक्लिटॅक्सेल आहे.

यातील वाणी म्हणजे खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि उरलेले आयुष्य तिकडेच संशोधनात घालवले. कॅम्प्टोथेसिन या कर्करोगावरील आणखी एका महत्त्वाच्या द्रव्याच्या शोधातही वॉल आणि वाणी ही जोडी होती. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. वर्गात हे नाव विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. खरे सांगायचे तर आम्हा तिघांपैकीही एकालाच ते ठाऊक होते.

हे औषध काम कसे करते? प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात. इमारतीला बांबूची परांची बांधतात तशा त्या पेशीत उभ्या राहतात आणि काम झाले की सुटतात. पेशीचे विभाजन होताना याच नळ्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी कर्करोगावरील औषधे ही परांची बांधूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल याच्या उलट वागते, हे न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. ते परांचीच्या गाठी इतक्या घट्ट करते की ती सोडताच येत नाही. विभाजन अर्धवट अडकते आणि पेशी मरते.

येथे नीट थांबून पाहा. या सगळ्यात 'कर्करोग' हा शब्द कुठेच आला नाही. पॅक्लिटॅक्सेलला कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. विभाजनाच्या मध्यात सापडेल त्या पेशीला ते अडकवते. कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबत नाही म्हणून त्या जास्त सापडतात, एवढेच. पण केसांच्या मुळांतील पेशीही भराभर विभागतात. अस्थिमज्जेत रक्ताच्या नव्या पेशी रात्रंदिवस तयार होत असतात. म्हणून केस जातात आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. मज्जातंतूंच्या पेशी विभागत नाहीत, पण त्यांच्या लांब तंतूंमधून मालाची ने-आण याच नळ्यांवरून होते, त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. उरलेले अर्धे असे की, औषध ओळखत नसले तरी ज्यावर बसून ते जाते ते वाहन ओळखत असेल का?

त्याआधी एरंडेलाची गोष्ट सांगायला हवी. बडोद्याच्या घरांत त्याला दिवेल म्हणतात. वर्षाच्या गव्हाला दिवेल चोळून कोठीत भरण्याचा उन्हाळ्यातला कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. ते शिरेतून द्यायचे कसे? म्हणून एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून पाण्यात मिसळू शकेल असे एक द्रव्य, क्रेमोफोर, आणि तितकेच अल्कोहोल घेऊन त्यात औषध विरघळवले गेले. औषध रक्तात पोचू लागले, पण वाहनच त्रास देऊ लागले. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना इतकी तीव्र ॲलर्जी झाली की औषध सोडून देण्याची वेळ आली होती. शेवटी आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे द्यायची, मग सलाइन हळूहळू, स्तनांच्या कर्करोगात साधारण तीन तास चालवायचे, असा मार्ग निघाला. क्रेमोफोर सलाइनच्या नेहमीच्या प्लॅस्टिक नळीतूनही काही द्रव्ये ओढून घेते, म्हणून नळीसुद्धा वेगळी लागते. १९९२ मध्ये अमेरिकेत या औषधाला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते आजही जगभर वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते जुने आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही. याचा संबंध पुढे येईल.

आता प्रथिनाकडे येऊ. आपल्या रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. यकृत ते रोज बनवते आणि रक्तद्रवातील निम्म्याहून अधिक प्रथिन हेच असते. दर लिटर रक्तद्रवात ते साधारण ३५ ते ५० ग्रॅम भरते. पाण्यात न विरघळणाऱ्या वस्तूंची वाहतूक हे त्याचे एक मुख्य काम. मेदाम्ले, बिलिरुबिन, कितीतरी औषधे त्याच्या अंगावर बसून फिरतात. तेव्हा एरंडेलाचे वाहन काढून रक्तातले हमालच कामाला का लावू नयेत, असा विचार काही संशोधकांनी केला. मानवी अल्ब्युमिन आणि पॅक्लिटॅक्सेल एकत्र करून प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून ढकलले की दोहोंचे मिळून सूक्ष्म कण बनतात. त्यांचा सरासरी व्यास १३० नॅनोमीटर असतो. आपल्या तांबड्या रक्तपेशीची रुंदी सात ते आठ हजार नॅनोमीटर असते, त्यावरून अंदाज करा. कण सुकवून त्याची भुकटी कुपीत भरतात. कुपीत १०० मिलिग्रॅम औषध आणि जवळपास ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असते, आणि हे अल्ब्युमिन माणसांच्या रक्तद्रवातूनच मिळवलेले असते. रुग्णाला देताना त्यात सलाइनचे पाणी घालतात, तेव्हा ते दुधासारखे पांढरे दिसते. हेच नॅब-पॅक्लिटॅक्सेल. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनांच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. आता ते भारतातही बनते आणि मिळते.

दूध हा शब्द आम्ही शोभेसाठी वापरला नाही. दुधातील केसीन हे प्रथिन अशाच गोळ्यांच्या रूपात तरंगत असते आणि त्या गोळ्या साधारण ५० पासून काहीशे नॅनोमीटरच्या असतात. म्हणजे प्रथिनांचे नॅनोकण आपण रोज सकाळी पितो. 'नॅनो' ही फक्त मापाची गोष्ट आहे. कोणत्याही डब्यावर तो शब्द छापला म्हणून आतल्या वस्तूत गुण येत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे, कारण अशा भुकट्या आणि थेंब घरोघर विकायला येऊ लागले आहेत.

या औषधाचा प्रत्यक्ष फायदा किती झाला? ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तीत ४५४ स्त्रिया होत्या. जुन्या औषधाने १९ टक्के रुग्णांच्या गाठी ठरलेल्या मापाने आकसल्या, नव्याने ३३ टक्के. आधी स्टेरॉइड न देताही तीव्र ॲलर्जी झाली नाही. सलाइन तीन तासांऐवजी अर्ध्या तासात संपले. पांढऱ्या पेशी अगदी खाली जाण्याचे प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर आले. आणि मुंग्यांचा तीव्र त्रास? तो कमी झाला नाही, २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. कारण उघड आहे. एरंडेल गेल्यामुळे औषधाची मात्रा वाढवता आली (शरीराच्या दर चौरस मीटरला १७५ ऐवजी २६० मिलिग्रॅम), आणि वाढलेले औषध मज्जातंतूंपर्यंतही पोचले.

हे वाचत असतानाच त्या मुलीची आई आम्हाला भेटायला आली. बोलता बोलता समजले की मावशींच्या तळपायांना दीड महिन्यापासून मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नव्हती, पण त्यांनी डॉक्टरांना दोन भेटींत हे सांगितलेच नव्हते. का? "हे तर थेट गाठीवरच जाणारं औषध, त्याचा पायाशी काय संबंध? साखर वाढली असेल," असे घरात सर्वांनी ठरवून टाकले होते. कात्रण घरातही वाचले गेले होते. आम्ही डॉक्टर नाही, म्हणून एवढेच म्हटले की पुढच्या भेटीची वाट न पाहता हे आजच कळवा. त्यांनी कळवले. डॉक्टरांनी तपासून पुढची मात्रा कमी केली. लेख लिहायचाच, हे आम्ही त्या दिवशी ठरवले.

तर मग 'थेट' या शब्दात तथ्य किती? अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. १९८६ मध्ये जपानमधील मात्सुमुरा आणि मायेदा यांनी दाखवले की गाठीतील घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मोठे रेणू आणि सूक्ष्म कण त्यांतून बाहेर झिरपतात, आणि तेथून वाहून नेण्याची सोय अपुरी असल्याने तेथेच साचतात. याशिवाय रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशी अल्ब्युमिनला ओळखतात, त्याला छोट्या पिशवीत घेऊन पलीकडे पोचवतात. काही कर्करोगाच्या पेशी तर अल्ब्युमिन चक्क गिळतात आणि त्याचे तुकडे करून स्वतःच्या वाढीला वापरतात. त्याच्या अंगावर औषध असेल तर तेही आत जाणारच. ही कल्पना सुंदर आहे आणि यातील प्रत्येक पायरी प्रयोगांत दिसलेली आहे.

पण किती? आजव्याच्या तलावातून शहराला येणारी पाइपलाइन एखाद्या ठिकाणी फुटली तर तेथे पाणी साचते, हे खरे. म्हणून तलावातले सगळे पाणी तेथेच जाते असे नाही. बहुतेक पाणी आपल्या नेहमीच्या वाटेने घरोघर जाते. २०१६ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतील शंभरावर शोधनिबंध एकत्र तपासले. ते बहुतेक उंदरांवरील प्रयोगांचे होते. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत किती पोचले याचा मध्यक आला ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! बाकीचे मुख्यतः यकृत, प्लीहा अशा ठिकाणी अडकले किंवा बाहेर गेले. हा आकडा सर्व प्रकारच्या नॅनोकणांचा आहे, केवळ अल्ब्युमिनचा नाही, आणि ०.७ टक्के औषधही कधी कधी पुरेसे ठरू शकते. तरीही वर्गात फळ्यावर आकडा लिहिला तेव्हा कात्रण आणलेली मुलगी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती.

नॅब-पॅक्लिटॅक्सेलच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. ते १३० नॅनोमीटरचे कण रक्तात फार काळ टिकतच नाहीत. रक्तात मिसळून पातळ झाले की ते सुटे होतात, आणि औषध एकेका अल्ब्युमिनच्या रेणूवर बसून फिरू लागते. म्हणजे 'नॅनोकण' हा औषध शिरेपर्यंत सुखरूप आणण्याचा उत्तम डबा आहे. पुढचा प्रवास साध्या अल्ब्युमिनचा, आणि अल्ब्युमिन तर केसांच्या मुळांपासून तळपायांपर्यंत सगळीकडे जाते.

काही वर्षे असेही मानले जात होते की गाठीभोवती 'स्पार्क' नावाचे प्रथिन जास्त असते आणि ते अल्ब्युमिनला धरून ठेवते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर ८६१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तीत जुन्या औषधाला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर जगण्याचा मध्यक ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेला, आणि २०१३ मध्ये या आजारासाठीही त्याला मान्यता मिळाली. पावणेदोन महिने! आकडा लहान वाटेल, पण या आजारात तेवढेही मिळणे कठीण होते. मात्र गाठींचे नमुने तपासले तेव्हा 'स्पार्क' जास्त असलेल्यांना जास्त फायदा झाला, असे काही दिसले नाही. औषध उपयोगी पडले, पण त्याचे जे कारण सांगितले जात होते ते टिकले नाही. विज्ञानात असे होते, आणि ते लपवले जात नाही म्हणूनच आम्हाला हा विषय शिकवण्याजोगा वाटतो.

जुन्या औषधाबद्दलही न्याय व्हायला हवा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांना दोन्ही औषधे दर आठवड्याला, आणखी एका औषधाच्या जोडीने दिली. तेथे नॅब-पॅक्लिटॅक्सेल वरचढ ठरले नाही. उलट त्याचा त्रास जास्त झाला. तेव्हा 'आपल्याला साधेच औषध दिले, नॅनो दिले नाही' म्हणून कोणी घरात खंत करत असेल किंवा कर्ज काढायच्या विचारात असेल, तर आधी डॉक्टरांकडे बसून आपल्या आजारात दोहोंत काय फरक पडेल हे विचारावे. दोन्ही औषधांच्या मात्रा वेगळ्या आहेत, एकाच्या जागी दुसरे आपण होऊन कधीच बदलायचे नसते.

मग प्रथिनाचा नॅनोकण खरोखर पत्ता वाचून जाऊ शकेल का? त्या दिशेने सर्वांत मनोवेधक काम आम्हाला फेरिटिनचे वाटले. फेरिटिन हे शरीरातील लोहाचे कोठार. २४ तुकडे आपोआप जुळून त्याचा पोकळ गोल बनतो, बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर. त्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. लोहाऐवजी तेथे औषध भरता येते. आणि अनेक कर्करोगाच्या पेशी, वाढीसाठी लोह लागते म्हणून, आपल्या पृष्ठभागावर ते आत घेणारी दारे भरपूर बाळगतात. मानवी फेरिटिन नेमके त्याच दाराला चिकटते. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी नऊ प्रकारच्या कर्करोगांच्या ४७४ नमुन्यांवर फेरिटिनचे कण वापरून गाठीच्या पेशी रंगवून दाखवल्या आणि बहुतेक सर्व नमुने बरोबर ओळखले. नंतर औषध भरलेल्या फेरिटिनने उंदरांमधील गाठीही आकसल्या. पण काचपट्टीवरचा नमुना आणि चालता-बोलता माणूस यांत अंतर असते. शिवाय तांबड्या पेशी बनवणाऱ्या आपल्या अस्थिमज्जेलाही लोह लागते, तिच्याकडेही तीच दारे आहेत. एकाच पत्त्याची दोन घरे असली तर पोस्टमनने काय करायचे, असे आठवीतल्या एका मुलाने विचारले. संशोधक सध्या याच प्रश्नाशी झगडत आहेत.

मावशींचे केस गेले, कारण औषध त्यांच्या डोक्यापर्यंतही पोचले. केमो संपल्यावर ते बहुधा परत येतील, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. मुंग्या कमी व्हायला जास्त वेळ लागेल.

आता प्रयोग. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत काळोख करून तो करणार आहोत. घरी करायचा तर काचेचे दोन स्वच्छ पेले घ्या. एकात साखरेचे पाणी, दुसऱ्यात साध्या पाण्यात साय काढलेल्या दुधाचा एक-दोन थेंब. बाजूने बारीक प्रकाशाची टॉर्च लावा. साखरेच्या पाण्यात प्रकाशाची वाट दिसत नाही, दुसऱ्या पेल्यात ती स्पष्ट दिसते आणि बाजूने किंचित निळसर भासते. पेल्यापलीकडून टॉर्चकडे पाहिले तर तोच प्रकाश पिवळसर-तांबूस वाटतो. हा परिणाम नववीच्या पुस्तकात टिंडॉल यांच्या नावाने आहे. तिसऱ्या पेल्यात पाण्यावर दिवेलाचा थेंब टाका. तो तरंगत राहील. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब टाकून जोरात हलवा आणि काय होते ते वहीत लिहून आणा. टॉर्च घरून आणावी, शाळेकडे दोनच आहेत. दूध आणि दिवेल मंडळ आणेल. पालकांनी आणि विश्वस्तांनीही अवश्य यावे.